गिळोबाचा वाटा

जो मासा कधी जन्मालाच आला नव्हता, त्याला दात किती असावेत हे ठरवायला केतकी तारीला पुरा एक पावसाळा लागला. बाकीचं त्या मानानं सोपं गेलं. जबडा माणूस आडवा मावेल एवढा. शेपटीचा फटका संथ. पोहता पोहता मध्येच थांबायचं आणि मग पुन्हा निघायचं, अशी एक खोड तिनं त्याला मुद्दाम लावली, कारण सतत पाठलाग करणाऱ्यापेक्षा मध्येच गप्प होणारा शत्रू जास्त धडकी भरवतो. शेवटचं जेवण बांगड्यांचं. डोळे मात्र तिनं त्याला दिलेच नाहीत. बांगड्यांना ते दिसायचेच नव्हते, मग उगाच मेहनत कशाला करायची?

"पण असला मासा कुठल्याच समुद्रात नाहीये," पुण्यातल्या संशोधन संस्थेतला तिचा एक सहकारी म्हणाला.

"म्हणून तर त्याची सवय कुणालाच नसणार," केतकी म्हणाली.

तिचं म्हणणं खरं होतं. डॉल्फिनचे आवाज पाण्यात सोडून मासे पळवायचे प्रयोग आधी झाले होते. मासे चार दिवस पळत आणि पाचव्या दिवशी त्या आवाजाच्या अंगावरून निवांत पोहत जात. कारण माशाला शत्रू कळतो तो एका खुणेनं नव्हे. अंगाच्या कडेनं जाणाऱ्या एका नाजूक रेघेतून त्याला पाण्याचा दाब कळतो, कानातून खोल आवाज कळतो, आणि सगळ्यांत आधी येतो तो वास. माशाची कातडी फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळतं. आसपासच्या भाईबंदांसाठी तो निरोपच असतो, की इथे आपल्यातला कुणीतरी खाल्ला गेला. केतकीनं हे द्रव्य प्रयोगशाळेत बनवलं, त्यात न जन्मलेल्या माशाच्या पोटातला वास घातला, त्याला शेपटीच्या फटक्याची आणि गुरगुरण्याची जोड दिली, आणि हे सगळं तरंगत्या बोयांमध्ये भरलं. पाण्याखाली बघितलं तर काहीही नाही. पण बांगड्याला विचाराल तर तो शपथेवर सांगेल की इथे कुणीतरी आहे.

प्रयोगासाठी तिनं स्वतःचंच गाव निवडलं. पाडखोल मालवणच्या दक्षिणेला. तिचे वडील भालचंद्र तारी, म्हणजे साऱ्या गावाचे आबा, तिथल्या रापणीचे तांडेल, तिचे म्होरके होते. रापण म्हणजे नुसतं जाळं नव्हे. होडीतून ते लांबलचक जाळं अर्धगोल टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि मग गावानं दोन बाजूंना उभं राहून ओढायचं. जे येईल त्याचे वाटे पडतात. ओढणाऱ्याला वाटा, जाळ्याला वाटा, होडीला वाटा, आणि दोर ओढता ओढता ज्याचे हात कायमचे थांबले त्याच्या घरालाही वाटा. ज्यानं काम केलं त्याला मिळालंच पाहिजे, हा रापणीचा कायदा. तो कुठे लिहिलेला नाही आणि म्हणूनच कुणी मोडत नाही.

पण कायदा असून काय करता, मासाच नव्हता. बाहेर खोल पाण्यात दिवे लावून बसलेल्या मोठ्या ट्रॉलरनी थवेच्या थवे उचलून नेले होते. रापण वर्षानुवर्षं खोपीत पडून होती आणि ओढणारे हात गोव्याच्या हॉटेलांत ट्रे उचलत होते. केतकीचा हिशेब असा, की खोल पाण्यात बोये नांगरून भीती ठेवली तर बांगडा तिथे थांबणार नाही, किनाऱ्याकडे येईल आणि दिव्यांच्या तावडीतून सुटेल. तो किनाऱ्यावरच्या रापणीत सापडेल, हेही तिला ठाऊक होतंच. खोटं कशाला बोला, बापासाठी लेकीनं केलेली ती भेटच होती.

पहिल्या ओढीला जाळं इतकं जड झालं की बघायला आलेल्या पाहुण्यांनाही दोर धरायला लागला. वाळूवर बांगड्यांची चांदी सांडली. आबांनी वाकून एक बांगडा उचलला, तो हातात तडफडायचा थांबेपर्यंत बघत राहिले आणि जपून खाली ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. केतकीला त्या क्षणी वाटलं, आयुष्यात याहून शहाणं काम आपल्या हातून होणार नाही.

माशाला नाव दिलं शेवंताकाकीनं. तिचा नवरा दोर ओढता ओढता गेला, त्याला कैक वर्षं झाली. त्याच्या वाट्यावर तिनं मुलाला, बाबलला, वाढवलं आणि उरल्या वेळात खाजं विकलं. गूळ-आल्यातलं तिचं खाजं जत्रेत हातोहात जायचं.

"गिळता म्हणतंस मां गो तो?" तिनं केतकीला विचारलं. "मगे गिळोबाच तो."

पुढच्या जत्रेत तिच्या टोपलीत गिळोबाच्या आकाराचं खाजं आलं. आ वासलेला जबडा, तिळाचे दात, आणि जबड्यात अडकलेला पिठाचा इवलासा बांगडा, त्याचं शेपूट बाहेर. गुळात थोडा कोकमाचा रंग घालून तिनं रक्तसुद्धा दाखवलं होतं. पोरं आधी त्या बांगड्याचं शेपूट कुरतडायची आणि मग गिळोबाचं डोकं कडाकडा चावायची. काकीनं त्याला लवंगेचे डोळेही लावले होते. केतकीनं न दिलेले डोळे असे गावानं दिले. बघता बघता गिळोबा खोपीच्या भिंतीवर रंगला, पोरांना जेववायला उपयोगी पडू लागला, आणि बाबल गोव्याची नोकरी सोडून दोर ओढायला परत आला. त्याच्यामागून आणखीही आले.

हंगामाच्या शेवटी आबांनी केतकीपुढे तिचा वाटा ठेवला. तिनं तो परत केला.

"माका नको, आबा. संस्था पगार देता. वाटो घेतलंय तर उद्या लोक म्हणतले, प्रयोग पोटासाठी केल्यान."

"रापणीत फुकट कोण राबना नाय," आबा म्हणाले.

"मी खंय राबलंय? राबलो तो गिळोबा," ती हसून म्हणाली.

आबा हसले नाहीत. त्यांनी टोपली उचलली आणि "बरा" एवढंच म्हणाले.

दुसरा हंगामही तसाच भरभरून गेला. तिसऱ्या हंगामाच्या तोंडाशी केतकी सुट्टीवर घरी आली होती. नारळी पौर्णिमेनंतरची पहिली ओढ झाली होती आणि ती विळीवर बांगडे साफ करत बसली होती. या दिवसांत मादीच्या पोटात गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी असते, लहानपणी तिच्यासाठी भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या. तिनं एक पोट फाडलं, दुसरं फाडलं. मग टोपलीतले सगळेच फाडले. एका मादीत दोरीसारखी बारीक, सुकलेली गाभोळी होती. बाकी पोटं रिकामी.

तिनं विळी आडवी केली.

कारण काय असणार हे तिला माहीत होतं. माहीत असायलाच हवं होतं, तिच्या शास्त्रातला तो जुना धडा होता. सतत भ्यालेला प्राणी खाताना अर्धं लक्ष मागे ठेवतो, म्हणून अर्धंच खातो. अंगातली सगळी ताकद पळण्यासाठी राखून ठेवावी लागते, मग अंडी कशाच्या जोरावर घालणार? शिकारी पक्ष्यांचे नुसते आवाज ऐकवले तरी पाखरांच्या घरट्यांत पिल्लं कमी निपजतात. दात लागायची गरजच नसते. गिळोबानं एकही बांगडा गिळला नव्हता आणि तरी तो पुढच्या पिढ्या खात होता.

त्याच दिवशी तिनं फोनवरून बोये बंद केले. गावाला सांगितलं नाही. आबांना सांगायला दोनदा तोंड उघडलं, पण ते खोपीत बाबलला फाटलं जाळं तुणायला शिकवत होते, नि इतके खुशीत होते की तिला शब्द फुटेना. थवे हळूहळू कमी होतील, लोक म्हणतील दर्याची मर्जी, आणि पुढच्या वर्षी गाभोळी परत येईल, असं तिनं मनाशी ठरवलं. सोयीचं असतं तेवढं चटकन पटतं.

पण थवे कमी झाले नाहीत. पुण्याला परतल्यावर रोज बाबलचे फोटो येत होते. वाळूवर चांदी, वर एकच ओळ: गिळोबा पावलो. केतकीनं बोये तपासले. गुरगुर नाही, फटका नाही, वासाच्या कुप्या केव्हाच बंद. पाण्यातले माइक तर लाटांशिवाय काहीच ऐकत नव्हते. तरीही बांगडा खोल पाण्यातून धाव घेत किनाऱ्याला येत होता, पूर्वीपेक्षा जास्त जिवाच्या आकांतानं. नसलेल्या माशाला आपण बंद केलं, आणि तो बंद झाला नाही. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता, पण त्या रात्री तिला झोप लागली नाही हेही खरं.

ती पुन्हा गावी आली. सकाळी उजाडताना आबा लहान होडी ढकलत होते. रापण टाकण्याआधी ते एकटेच एक फेरी मारून येतात, एवढं तिनं ऐकलं होतं.

"मीव येतंय," ती म्हणाली.

"तू कित्याक? भिजशील."

"दर्यावर वाढलेला गाबताचा चेडू मी. भिजलंय तर विरघळतलंय?"

आबांचा नाइलाज झाला. होडीत केळीच्या पानाखाली झाकलेली एक टोपली होती. बोयांपाशी पोचल्यावर त्यांनी वल्हं आत घेतलं, पान बाजूला केलं. टोपलीत कालचे बांगडे होते. आबांनी कोयतीनं एकेकाचे तुकडे केले, पाण्यात हात घालून जपून सोडले, एखाद्याला पंगतीत वाढावं तसे. ओठ हलत होते. पाण्यावर तांबूस छटा पसरली.

आणि मग काही अंतरावर समुद्राच्या अंगावर काटा आला. पाण्याचा एक मोठा पट्टा खालून उकळल्यासारखा थरथरला आणि किनाऱ्याच्या दिशेनं धावत सुटला.

"बघ," आबा समाधानानं म्हणाले. "जेवलो की लगेच कामाक लागता."

केतकीला आता सगळं उलगडलं. प्रयोगशाळेत तिनं महिनोन् महिने खपून जे द्रव्य बनवलं होतं, ते अस्सल, रोजच्या रोज टोपलीभर इथे पडत होतं. यंत्राची नक्कल मासे कदाचित पुढेमागे विसरले असते. ही नक्कल नव्हती. इथे खरोखरच रोज बांगड्यांची कातडी फाटत होती.

"आबा, ह्यां कधीपासून?"

"तू वाटो परत केलंस तेवापासून. तूच म्हणालंस मां, राबलो तो गिळोबा? मगे तेका नको? होडयेक वाटो, जाळ्याक वाटो, आणि जो एवढो थवो हाकून आणता तो उपाशी? माझ्या तांडेलकीत असा जावचा नाय."

"तो बंद आसा, आबा."

"कोण?"

"गिळोबा. पौर्णिमेनंतर मी बंद केलंय तेका. ह्या बोयांत आता कायव नाय." आणि मग तिनं सगळंच सांगून टाकलं, रिकाम्या पोटांसकट.

आबांनी पाण्याकडे बघितलं. तुकडे हळूहळू तळाला चालले होते.

"मगे इतके दिवस मी वाढी होतंय तां कोणाक?"

केतकीनं वल्हं उचललं आणि होडी किनाऱ्याकडे वळवली.

ती दोघं परतली तेव्हा रापण पडली होती. दोन्ही दोरांवर अवघं गाव होतं, बाबल पुढे, शेवंताकाकी टोपली घेऊन वाळूत. जाळ्याचा फास उथळ पाण्यात आला होता आणि आत बांगडा एकमेकांवर चढत होता. आबा गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्यांनी हात वर केला. ओढ थांबली.

आबांनी केतकीला पुढे केलं. तिनं दोर धरलेल्या माणसांना सगळं सांगितलं, अगदी सोपं करून. यंत्र बंद आहे. थवा आणते ती टोपली. आणि टोपली अशीच पडत राहिली तर थोड्याच वर्षांत थवा म्हणून काही उरणार नाही.

सगळ्यांत आधी बाबल बोलला.

"म्हंजे यंत्राची गरजच नाय? नुसत्या टोपल्येन भागता?" त्याचा चेहरा उजळला होता. "मगे बरा झाला की! संस्थेचा तरी कित्याक व्हया? टोपली आमची, दर्यो आमचो."

दोन-तीन माना डोलल्या. ही शक्यता केतकीच्या ध्यानातच आली नव्हती. यंत्र असतं तर ते उचलून नेता येतं. टोपली कोण कशी उचलून नेणार? उद्या शेजारच्या गावाला कळेल, परवा ट्रॉलरवाल्यांना. आता आकडेवारी सांगून काही व्हायचं नव्हतं. तिनं वडिलांकडे बघितलं. आयुष्यभर ज्या रापणीसाठी हा माणूस झुरला, ती भरली होती, आणि एका शब्दानं ती रिकामी होणार होती. तो शब्द बोला असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

आबांनी डोक्याचं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं. मग समुद्राकडे तोंड करून हात जोडले आणि देवाला गाऱ्हाणं घालतात त्या चढ्या सुरात बोलायला लागले.

"बा गिळोबा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीनं साऱ्या दोरावरून आवाज आला.

"तीन हंगाम तू आमच्यासाठी राबलंस, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आता तू गेलंस, म्हाराजा. तुझी सेवा संपली. आमच्याकडसून काय चुकला माकला आसात, तर पोटात घाल, म्हाराजा!"

या वेळचा होकार जरा चाचरत आला. आबा वळले.

"गिळोबा मेलो," त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगितलं. "रापणीचो गडी मेलो तर तेचो वाटो कोणी दर्यात टाकना नाय. तो तेच्या घरात जाता. आजपासून टोपली बंद."

"मेलो काय, तो नव्हतोच!" बाबल म्हणाला. "नाय तेका घर खंयसून इला?"

"नव्हतो तर तीन वर्सा तू कोणाचा नाव घेऊन ओढी होतंस?" आबांनी विचारलं. "तेका जल्माक घातल्यान ती ही उभी आसा. वारस तीच."

बाबल आणखी काही बोलणार होता, पण शेवंताकाकी वाळूतून उठली. "बाबल्या, तुझो बापूस मेलो तेवा तेचो वाटो बंद कर म्हणान सांगणारेव होते. ह्या भालूभाऊन आयकूक नाय. त्या वाट्यार वाढलेलो हात हो, आणि तोच हात आता मेल्याचो वाटो दाबता?"

बाबलनं मान खाली घातली.

"बोल गो," आबा केतकीला म्हणाले. "तीन हंगामांचो तुझो वाटो. खंयचो व्हयो?"

केतकीनं जाळ्यात बघितलं. त्या गर्दीत अधूनमधून एखादं पोट गाभोळीनं फुगीर होतं. फार थोडी होती, पण होती.

"ही ओढ," ती म्हणाली. "अख्खी."

कुणीतरी दीर्घ उसासा टाकला. पण कायदा तो कायदा. आबा स्वतः पाण्यात पुढे गेले, छातीभर पाण्यात पोचले, आणि जाळ्याची समुद्राकडची कड दोन्ही हातांनी धरून खाली दाबली. बाबल क्षणभर उभा राहिला, मग गेला आणि त्यानं दुसरी बाजू दाबली. ओढणारे एकेक करून आत उतरले. जाळं उघडं झालं.

एकही बांगडा बाहेर गेला नाही.

समोर मोकळा दर्या होता आणि ते जाळ्याच्या किनाऱ्याकडच्या कोपऱ्यात अंग चोरून, एकमेकांना चिकटून थरथरत होते. माणसांचे पाय चालत होते त्यांना. जाळं चालत होतं. पलीकडे जायचं नव्हतं, कारण पलीकडे तो होता. केतकीनं त्याचा एकेक दात विचार करून ठरवला होता, आणि त्यातला एकही आता तिला उपटता येत नव्हता.

"हाकलूया काय?" बाबलनं कुजबुजत विचारलं.

"नको," ती म्हणाली. "परत भितले."

मग सगळे तसेच उभे राहिले. ऊन चढलं. पाण्यात पाय बधिर झाले, दाबलेल्या हातांना रग लागली, वाळूवर काकीची टोपली रिकामीच होती. आबांचा तोल एकदा गेला तेव्हा केतकी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनंही कड दाबून धरली. तिच्या अंगठ्याला त्यांचा हात लागला, तो थंडगार होता.

खूप वेळानं एक बांगडा थव्यातून सुटा झाला. फुगीर पोटाची मादी होती. ती कडेपर्यंत आली, मागे गेली, पुन्हा आली, आणि तिथे थबकली, कुणाची तरी चाहूल घेतल्यासारखी. मग आबांच्या आणि केतकीच्या मधून ती बाहेर पडली.

एरवी पहिला मासा हाती आला की पाडखोलचा किनारा आरोळीनं दणाणतो. त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. सगळ्या गावानं श्वास धरून ठेवला होता, ती घाबरून परत येऊ नये म्हणून.